कृषी केंद्रवाल्यांचा ऑनलाइन कोर्स केला, २३६० रुपये वसूल झाले का ते सांगतो

पहिलेच सांगतो, ॲपचं नाव लिहणार नाही. त्या कंपनीचा पोरगा दर पंधरा दिवसांनी माझ्याच दुकानात येऊन चहा पितो, पोरगा चांगला आहे, नवीनच लग्न झालं त्याचं, अन् मी इथं नाव घेऊन ठोकलं तं त्याच्याच पगाराले लागायचं. हिरव्या पानाचं चिन्ह आहे ॲपवर एवढं सांगतो, पण हिरवं पान तं शेतीच्या सगळ्याच ॲपवर असते, त्यामुळे शोधत बसू नका.

आमचं कृषी केंद्र दारव्ह्यापासून बारा-तेरा किलोमीटरवर, यवतमाळ जिल्हा. गावात दोन केंद्रं अन् एक सोसायटी. बियाणं, खत, औषध, वरून पंपाचं सामान, नोझल, वायसर, पट्टे, जे लागलं ते. पहिले वडील बसत, आता मी बसतो, अन् दुपारी बारा ते चार मी जेवायला अन् वावरात गेलो की घरची बसते. हे मुद्दाम सांगतो कारण या कोर्सच्या गोष्टीत तिचाच भाग जास्त आहे, पैसे माझे गेले फक्त.

मार्क पाहिजे असतील तं पाचपैकी साडेतीन. शिकवण्याचे साडेचार देतो, परीक्षेचे दीड, सर्टिफिकेटचं काय ते खाली सांगतो.

आता बाहेरच्या माणसाले वाटते का बॉ दुकानदाराले कायचा कोर्स, डबडं द्या पैसे घ्या. तसंच होतं पहिले. वडिलांनी लायसन काढलं तेव्हा कोणी शिक्षण इचारलं नाही. मंग नियम बदलले, कीटकनाशक विकाचं असलं तं शेतीची नाहीतर रसायन, जीवशास्त्र असं काही घेतलेली डिग्री पाहिजे, नाहीतर एक वर्षाचा डिप्लोमा पाहिजे. आमच्यासारखे बी.ए. वाले सगळे लटकले. त्यातून मार्ग म्हणजे देसी (DAESI) डिप्लोमा. हैदराबादले मॅनेज म्हणून केंद्र सरकारची संस्था आहे, तिनं २००३ मध्ये हा सुरू केला, खास आपल्यासारख्या दुकानदारांसाठी. ४८ आठवडे, त्यात ४० दिवस वर्गात अन् ८ दिवस शेतावर, सुट्टीच्या दिवशी किंवा बाजार बंदच्या दिवशी, म्हणजे धंदा बुडत नाही. मी केला तेव्हा फी २० हजार होती, त्यात सरकारची मदत भेटली तं आपल्याले कमी पडे. मी तो केला चार-पाच वर्षं झाले. वर्षभर रविवारी सकाळी सातची एसटी धरली. खरं सांगू, त्या वयात बेंचवर बसून पेन चालवताना बोटं दुखले, पण शेतावर नेऊन सरांनी झाडाचं पान उलटं करून दाखवलं ते अजून डोळ्यापुढं आहे. भिंग हातात देऊन म्हणाले, पाहा, हा तुडतुडा, पानाचा रस शोषणारा किडा, तिरपा चालते तो. तिरपा चालते हे मले तोवर माहीत नव्हतं अन् औषध मी पंधरा वर्षांपासून विकत होतो.

मंग ॲप कायले घेतलं? तं दरवर्षी नवीन औषध येते. दोन जुने घटक एकत्र करून नवीन नावाचा डबा येते, नवीन झाकण, नवीन भाव. कंपनीवाले मीटिंग घेतात हॉटेलात, पनीर खाऊ घालतात अन् टार्गेट देतात, शिकवत काही नाही. देसीच्या नोट्स पेटीत पडल्या आहेत, त्यातले अर्धे डबे आता रॅकवर नाहीत. अन् या पोरानं सांगितलं का भाऊ, मराठीत आहे, मोबाईलवर आहे, दुकान सोडाचं काम नाही, दोन हजार अधिक जीएसटी, सर्टिफिकेट भेटते क्यूआर कोडवालं, फ्रेम करून लावा. हे फ्रेमचं बोलला तिथंच मी फसलो.

तं कोर्स असा आहे. सहा भाग, एकूण ५८ व्हिडिओ, एकेक सात ते बारा मिनिटांचा. प्रत्येक व्हिडिओनंतर पाच प्रश्न, तीन बरोबर आले तरच पुढचा उघडते. दर रविवारी रात्री आठले लाइव्ह, तिथं प्रश्न इचारता येते. शेवटी कॅमेऱ्यासमोर परीक्षा. व्हिडिओ डाउनलोड करून ठेवता येते अन् ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे, कारण आमच्या इथं दिवसा नेट म्हणजे अमावस्येचा चंद्र. रात्री अकराच्या पुढं गच्चीवर टाकीजवळ दोन दांड्या येतात, तिथं मोबाईल ठेवून द्याचा, सकाळी आठ-दहा व्हिडिओ उतरलेले असतात. बनवणाऱ्यानं हे ध्यानात घेतलं त्याबद्दल त्याले हात जोडतो, नाहीतर बाकीचे ॲप गोल गोल फिरत राहतात अन् माणूस त्या गोलाकडे पाहत राहते.

भाषा मराठी आहे पण पुण्याची. "शेतकरी बांधवांनी द्रावण तयार करताना काठीने ढवळावे." बाई चांगली बोलते, स्पष्ट बोलते, पण आमच्या इथं द्रावण म्हटलं तं कोणी पाहणारही नाही इकडे. पहिले दोन दिवस घरची हसत होती, "ढवळावे" म्हणायची प्रत्येक गोष्टीत, चहात साखर टाकली का "ढवळावे". मंग सवय झाली.

मोबाईल मी युरियाच्या पोत्यावर टेकवून ठेवायचो काउंटरजवळ, आवाज मोठा. मी अर्धा वेळ गिऱ्हाईकात, पावतीत, खत देताना अंगठा घ्याच्या त्या मशीनमध्ये. (मशीन अंगठा घेत नाही ती गोष्ट वेगळी आहे, म्हाताऱ्या माणसाच्या बोटावर रेषाच राहिल्या नाहीत काम करून करून, ते मशीनले कोण सांगन.) म्हणजे मी ऐकलं तुकड्या तुकड्यात. अन् दुपारी मी गेल्यावर तोच व्हिडिओ पुन्हा लावून घरची पूर्ण ऐकायची, कारण दुपारी गिऱ्हाईक नसते अन् टीव्ही दुकानात नाही. हे मले पंधरा-वीस दिवसांनी समजलं.

कसं समजलं ते सांगतो. ऑगस्ट संपत आला होता, पाऊस पडून ऊन निघालेलं, एक काका आले, हातात कपाशीचे पानं, लाल झालेले. म्हणे लाल्या आला, औषध द्या. मी नेमका जेवायला निघालेलो, चप्पल घालत होतो. मी म्हटलं मॅग्नेशियम सल्फेट घेऊन जा, दहा लिटरले शंभर ग्राम, फवारून टाका. घरची बोलली, "थांबा ना वो, पान तं पाहा पहिले." अन् तिनं पान घेतलं, उजेडाकडे धरलं, अन् काकाले इचारलं, "काकाजी, हे वरचं पान होय का खालचं? कडा लाल झाल्या का शिरा सोडून मधातलं लाल झालं?" काका म्हणे कडा. तिनं पान उलटं केलं. कडा पिवळ्या, मंग लाल, अन् पान खाली वळलेलं वाटीसारखं. "हा तुडतुडा होय. मॅग्नेशियम कमी पडलं असतं तं खालच्या जुन्या पानावर आलं असतं, अन् शिरा हिरव्या राहिल्या असत्या, मधात लाल." मी एक पाय चप्पलीत अन् एक बाहेर असा उभा. काका माझ्याकडे पाहे, मी तिच्याकडे पाहू.

बरोबर होतं तिचं. चोविसावा व्हिडिओ होता तो, फोटो समोरासमोर ठेवून दाखवलं आहे, डाव्या बाजूले तुडतुड्याचं पान, उजव्या बाजूले मॅग्नेशियमच्या कमतरतेचं. अन् सांगितलं का बोंडं भरायच्या वेळेले नत्र कमी पडलं, रात्री थंडी पडली तरी लाल होते, म्हणजे लाल दिसलं का डबा असं नाही. इतकं चांगलं शिकवलेलं मी देसीच्या वर्गातही पाह्यलं नव्हतं, हे कबूल करतो. वर्गात एकदा दाखवतात अन् पुढं जातात, इथं बायको एक व्हिडिओ चार वेळा पाहते, अन् चौथ्यांदा पाहताना तिले ते दिसते जे मले पहिल्यांदा पाहताना दिसलं नाही.

गुलाबी बोंडअळीचा भाग पण असाच. डोमकळी कशी ओळखाची, फूल गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहते, उघडून पाह्यलं तं आत अळी. वासानं पतंग ओढणारे कामगंध सापळे एकरी नाही, हेक्टरी पाच लावाचे, पाहणीसाठी, अन् एका सापळ्यात लागोपाठ तीन रात्री आठ-आठ पतंग आले तं मंग फवारणीचा इचार. आमच्याकडे काय होते, शेजाऱ्यानं फवारलं म्हणून आपण फवाराचं. सापळ्यातले पतंग मोजणारा माणूस मी गावात एकच पाह्यला, तो रिटायर मास्तर आहे अन् त्याले सगळं मोजाची सवय आहे.

आता जिथं कमी पडते ते. पूर्ण कोर्समध्ये औषधाचं माप हेक्टरी सांगितलं आहे. हेक्टरी इतके मिली, ५०० लिटर पाण्यात. लेबलवर पण तसंच असते, म्हणजे चूक त्याईची नाही. पण माझ्या काउंटरवर आजपर्यंत एकाही माणसानं हेक्टर हा शब्द काढला नाही. तो इचारते, "पंपाले किती टाकू?" पंप म्हणजे कोणाचा पंधरा लिटरचा, कोणाचा सोळाचा, कोणाचा बॅटरीवाला, कोणाचा इंजिनचा. इंजिनवाल्या पंपात पाणी कमी लागते एकरी, म्हणजे हिशोब सगळा बदलते. अन् माप कायनं तं झाकणानं. झाकण प्रत्येक डब्याचं वेगळं. हा हिशोब, हेक्टरवरून पंपावर अन् पंपावरून झाकणावर, हाच तं आमच्या धंद्याचा सगळ्यात नाजूक भाग आहे, इथं चूक झाली का पीक जळते नाहीतर माणूस पडते. त्यावर ५८ व्हिडिओत एक व्हिडिओ नाही. मी रविवारच्या लाइव्हमध्ये टाइप करून इचारलं, तीन वेळा इचारलं. तिसऱ्यांदा सरांनी वाचलं.

त्या सरांबद्दल लिहलंच पाहिजे. आवाजावरून आपल्या अकोल्याकडचे वाटले, "बरं का" नाही, "समजलं ना भाऊ" असं बोलणारे. त्याईनं सांगितलं का मोजमापाचा ग्लास ठेवा दुकानात, प्लास्टिकचा, मिलीच्या रेषावाला, दहा रुपयाले भेटते, अन् जो औषध घेईन त्याले फुकट द्या. बस एवढं. मी पन्नास आणले यवतमाळहून. वीस दिवसांत संपले. काहींनी चहा प्याले नेला असन त्यातून, आपण काय करू शकतो, पण तेवढं सांगून देतो का बाप्पा औषधाचा ग्लास औषधालेच ठेवजो.

अन् त्याच रात्री सरांनी २०१७ ची गोष्ट काढली. आमच्या जिल्ह्यात ती गोष्ट कोणाले सांगावी लागत नाही. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेली होती, उकाडा, अन् फवारा करताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली, शेतकरी अन् रोजानं फवारणारे, शेकडो दवाखान्यात. नंतर चौकशा झाल्या, कारणं निघाली, दोन-तीन औषधं एकत्र करणं, जोरानं मारणारे पंप, तोंडावर रुमाल नाही, वाऱ्याच्या उलट चालणं. सर बोलले, औषध एकमेकांत मिसळताना शंभरदा इचार करा. मी माईक बंद करून बसलो होतो. कारण खोटं कायले बोलू, त्या काळात आम्ही दुकानदारच म्हणत होतो, हे बी टाक, त्याच्यासंग ते बी टाक, एकाच फवाऱ्यात काम होईन. आमच्या दुकानातून घेतलेल्याले काही झालं नाही हे नशीब. ते शिकलेपण नव्हतं.

डब्यावरच्या रंगीत त्रिकोणाचं म्हणून मले आता जास्त वाटते. डब्यावर टोकावर उभा चौकोन असते, त्याच्या खालच्या अर्ध्या त्रिकोणात रंग. लाल म्हणजे अति जहाल, पिवळा म्हणजे जहाल, निळा मध्यम, हिरवा त्यामानानं सौम्य. आकडा असते त्याच्या मागं, एलडी ५० म्हणतात, प्रयोगातल्या अर्ध्या जनावरांचा जीव घेणारी मात्रा, शरीराच्या किलोमागं मिलीग्राममध्ये. तोंडावाटे ५० पर्यंत लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा, त्याच्या वर हिरवा. आकडा जितका लहान तितकं जहर मोठं, हे उलटं आहे अन् इथंच सगळे गडबडतात. मी पण. हे लक्षात ठेवा, पुढं कामी येते.

तं परीक्षा. ६० प्रश्न, ६० मिनिटं, मोबाईलचा समोरचा कॅमेरा चालू, आवाज चालू. तीन सूचना भेटल्या का परीक्षा बंद. दुसरा चेहरा दिसला तं सूचना, दुसरा आवाज आला तं सूचना, तुम्ही चौकटीच्या बाहेर गेले तं सूचना. ज्यानं हे बनवलं त्याच्या घरी एक खोली असन, दरवाजा असन, दरवाजाले कडी असन. माझ्याकडे दुकान आहे, तीन बाजूनं पोते अन् एक शटर.

मी मंगळवारी दुपारी बसलो, गिऱ्हाईक कमी असते म्हणून. शटर अर्धं खाली. घरचीले सांगितलं मागं गोडाऊनमध्ये बस, बोलू नको. बारावा प्रश्न चालू, वीज गेली. आमच्या इथं वीज जाते तेव्हा सांगून जात नाही. अंधार झाला, मी टॉर्च शोधायला वाकलो, टुंग. पहिली सूचना, उमेदवार चौकटीत नाही. बरं. शटर थोडं वर केलं उजेडासाठी. चौतिसाव्या प्रश्नाले एक जण वाकून आत आला, "भाऊ, युरिया आला का वो?" मी नुसती मान हलवली, तोंडानं बोललो नाही, पण त्यानं आणखी इचारलं, "कधी येते मंग?" टुंग. दुसरी सूचना.

आता घाम सुटला. पण चांगलं चाललं होतं, मले वाटते चाळीसच्या वर बरोबर होते. एकावन्नावा प्रश्न, एलडी ५० किलोमागं ५१ ते ५०० मिलीग्राम असलेल्या कीटकनाशकाच्या लेबलवर कोणत्या रंगाचा त्रिकोण असतो. मी निळ्यावर बोट ठेवलं. अन् मागून गोडाऊनमधून आवाज आला, "निळा नोहे वो, पिवळा!"

टुंग.

स्क्रीन पांढरी झाली. "आपली परीक्षा रद्द करण्यात आली आहे." तिले दिसत होतं, पोत्याच्या फटीतून, माझं बोट कुठं जाते ते.

मी काही बोललो नाही. ती पण काही बोलली नाही. मंग चहा केला तिनं.

हेल्पलाइनले फोन लावला, अठरा मिनिटं गाणं वाजलं, मंग एक पोरगी आली, आधी हिंदीत, मंग मराठीत. म्हणाली सर, रेकॉर्डिंगमध्ये दुसऱ्या व्यक्तीचा आवाज आहे. मी म्हटलं आहेच, माझी बायको आहे, अन् उत्तर बरोबर होतं तिचं. ती पोरगी हसली, खरंच हसली, पण म्हणाली पुन्हा परीक्षा द्याची असली तं ३०० रुपये अधिक जीएसटी, ३५४. कोर्स घेताना हे कोणी सांगितलं नव्हतं. मी भरले. दुसऱ्यांदा रात्री साडेअकराले गच्चीवर टाकीजवळ बसून दिली, डोक्याले टॉर्च बांधून, मच्छर खात होते, अन् पास झालो, ७८ टक्के. कपाळावर टॉर्च बांधलेला माझा चेहरा त्याईच्या रेकॉर्डमध्ये कायमचा आहे.

मंग सर्टिफिकेट. पीडीएफ आली, क्यूआर कोड आहे, स्कॅन केलं तं नाव उघडते. छान आहे दिसायले. पण मी कोर्स घेताना पोराले इचारलं होतं, लायसनले चालते का? तो म्हणे "चालते ना भाऊ, आता सगळं ऑनलाइन आहे." तालुक्याले गेलो तेव्हा तिथं साहेबांनी पाह्यलं, परत दिलं, म्हणाले ज्ञानासाठी चांगलं आहे. अन् ॲपमध्ये अटी-शर्तीत खाली बारीक अक्षरात तेच लिहलं आहे, फक्त ज्ञानवृद्धीसाठी. मी वाचलं नव्हतं. कोण वाचते. माझं देसी आहे म्हणून मले फरक पडला नाही, पण माझ्या ओळखीच्या दोन नवीन पोरांनी हेच सर्टिफिकेट घेऊन लायसनचा अर्ज टाकाचा बेत केला होता, त्याईले मी थांबवलं.

म्हणून नवीन लायसनवाल्यांनी नीट ध्यानात घ्या. डिग्री नसन तं देसी करा, किंवा हैदराबादच्याच एनआयपीएचएम संस्थेचा कीटकनाशक व्यवस्थापनाचा १२ आठवड्यांचा कोर्स आहे त्याची चौकशी करा, कोणाले कोणता चालते ते कृषी कार्यालयात लेखी इचारून घ्या. फक्त खत विकाचं असन तं १५ दिवसांचा कोर्स असते, कृषी विज्ञान केंद्रवाले घेतात. ह्या सगळ्याले जावं लागते, बसावं लागते, घरबसल्या नाही. अन् नुसतं शिकाचं असन, सर्टिफिकेटची हौस नसन, तं सरकारची स्वयम् नावाची ऑनलाइन कोर्सची वेबसाइट २०१७ पासून आहे, तिथं शेतीचे पण कोर्स असतात अन् पाहणं-ऐकणं फुकट, परीक्षा द्याची तं तेवढी फी लागते. तिथं इंग्रजी जास्त आहे ही अडचण. हे ॲप मराठीत आहे, एवढ्याचेच मी दोन हजार धरतो.

तसं पाह्यलं तं माझी एकच इच्छा आहे. देसीवाल्यांनी असे व्हिडिओ वापरावे अन् ॲपवाल्यांनी शेतावरचे आठ दिवस उसने घ्यावे. तुडतुडा तिरपा चालते हे व्हिडिओत दिसते, पण भिंग हातात धरल्यावर आपला हात थरथरते अन् तो पळून जाते, मंग आपण दुसरं पान पाहतो, तिसरं पाहतो, ते व्हिडिओत नाही. अन् उलट लाल्याचा फरक मले शेतावर कोणी दाखवला नव्हता कारण आम्ही गेलो त्या दिवशी त्या वावरात लाल्याच नव्हता. दोन्ही पाहिजे. आता एका जागी दोन्ही भेटत नाही अन् दोन्हीकडे वेगवेगळे पैसे द्या.

बाकी छोट्या तक्रारी. एका नंबरावर एकच लॉगिन, म्हणजे दुकानात तीन माणसं असले तं तिघांचे वेगळे पैसे. वर्षभरानंतर व्हिडिओ बंद होतात, जे घेतलं ते पण. खताचा भाग घाईघाईत केला आहे, कायद्याचा भाग तं नुसता वाचून दाखवला, बियाणे कायदा १९६६ चा, खत नियंत्रण आदेश १९८५ चा, कीटकनाशक कायदा १९६८ चा, बाई वाचते अन् आपण झोपतो. साठा रजिस्टर कसं लिहाचं, तपासणीले साहेब आले तं काय काय समोर ठेवाचं, हे शिकवलं असतं तं लोकांनी उड्या मारल्या असत्या.

फ्रेम केली नाही मी. पीडीएफ मोबाईलमध्येच आहे.

पण परवा एक गोष्ट झाली. रात्री जेवताना घरची म्हणाली, "तुमच्या कागदावर तुमचं नाव आलं, शिकली मी." मी म्हटलं मंग काय करू, त्यावर काय तुझं नाव लिहू? ती म्हणाली, "माह्या नावानं भरा ना." दहावी झालेली आहे ती, लग्नाआधी शाळेत पहिल्या पाचात होती, ते आम्हाले दर दिवाळीले ऐकावं लागते. मी म्हटलं अवं ते कामाचं नाही, लायसनले चालत नाही, साहेबानं परत केलं. ती म्हणाली, "मले कुठं लायसन पाहिजे?"

२३६० भरले काल. नवीन सिम तिच्या नावाचं, जुना मोबाईल आमच्या पोराचा, स्क्रीनवर तडा आहे पण कॅमेरा चालते. ५८ व्हिडिओ ती अगोदरच पाहून बसली आहे, पण ॲप ऐकत नाही, पाच-पाच प्रश्न सोडवतच पुढं जावं लागते, तं आज सकाळपासून ती पटापट सोडवून रायली, चाळीसच्या पुढं गेली. रविवारी परीक्षा देते म्हणे, दुकानातच, दुपारी. मले सांगून ठेवलं आहे, शटर पूर्ण खाली ओढाचं अन् बाहेर स्टूल टाकून बसाचं, अन् कोणी युरिया मागाले आलं तं तोंड उघडाचं नाही, हातानं सांगाचं.